एका प्लेटसाठी तीन रविवार

न्यूझीलंडहून परत येऊन मला आता पंधरा दिवस झाले. वेंगुर्ल्यात जो भेटतो तो विचारतो, "काकी, काय काय बघितलंत?" लोकांना बर्फाचे डोंगर हवे असतात, निळी तळी हवी असतात, मेंढ्या हव्या असतात. मेंढ्या मी पाहिल्या, गाडीतून. त्या खाली मान घालून चरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. बर्फाचे डोंगर दुसऱ्या बेटावर असतात म्हणे, तिकडे आम्ही गेलोच नाही. अडीच महिन्यांत मी मन लावून पाहिली ती एकच गोष्ट, ती म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्सची एक प्लेट. एवढं सांगितलं की लोक हसतात आणि चहा संपवून उठतात. म्हणून लिहून काढते आहे. कागद मध्येच उठून जात नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझं नाव वासंती. वेंगुर्ल्याला बाजाराजवळ माझी खानावळ आहे. मच्छीची थाळी, सोलकढी आणि आदल्या दिवशी सांगितलं तर कोंबडी-वडे. आमचे मालक, म्हणजे यजमान, वारले त्या वर्षी सुरू केली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ताजी मच्छी बंद, पर्यटक बंद आणि खानावळही बंद. त्या सवडीत यंदा मुलाकडे गेले. नितीन ऑकलंडला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि हिल्सबरो नावाच्या भागात राहतो. सून केतकी पुण्याची, तीही कंप्युटरवालीच. नात इरा नऊ वर्षांची. तिचे कान मराठी आणि तोंड इंग्रजी. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. माझं इंग्रजी पर्यटकांपुरतं आहे, त्यामुळे आमचं जमायचं.

तिकीट पाठवतानाच नितीनने फोनवर सांगितलं होतं, "आई, नुसती फिरायला येऊ नकोस. कायमचं राहायचं का ते ठरवायला ये. आता पुरे झाली ती खानावळ."

मी म्हटलं, "बघून सांगते."

विमानतळ

या देशात शिरताना पहिली परीक्षा सामानाची होते. बी नको, माती नको, लाकूड असेल तर दाखवा. माझ्या पिशवीत शिरवाळ्यांचा लाकडी साचा होता. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. इराला करून घालायच्या म्हणून मी साचा उचलून नेला होता. तिथल्या साहेबाने तो उलटापालटा केला, किडे आहेत का ते पाहिलं, मग खालच्या भोकांतून बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला.

"नूडल्स मशीन," मी म्हटलं आणि दोन्ही हातांनी हवेत साचा दाबून दाखवला. मागच्या रांगेतला एक माणूस दोन पावलं मागे सरकला.

साहेब हसला आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज."

कशासारखं गोड, ते तो आता सांगेल म्हणून मी थांबले. साखरेसारखं? मधासारखं? तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. पुढे काही आलंच नाही. हे वाक्य इथे एवढंच असतं आणि त्याचा अर्थ "ठीक आहे, जा" असा होतो, हे केतकीने मला गाडीत सांगितलं.

पहिला रविवार

पहिल्या आठवड्यात मी सुनेचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिने ते आनंदाने दिलं. इथे स्नॅपर म्हणून एक मासा मिळतो, आपल्या तांबोशीचा भाऊच. त्याचं कालवण केलं, तळून घातला, नारळाच्या रसातलं हुमण केलं. नितीन लॅपटॉपकडे बघत जेवायचा आणि म्हणायचा, "छान झालंय." सोमवारीही छान, मंगळवारीही छान. शुक्रवारी भात थोडा लागला होता, तोही छान.

शनिवारी मात्र त्याने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "आई, उद्या नाश्ता करू नकोस. उद्या रविवार. उद्या नूडल्स!"

हे म्हणताना त्याचा चेहरा उजळला. आठवडाभरात माझ्या एकाही माशाला तो चेहरा मिळाला नव्हता.

"एवढं काय आहे त्यात?" मी विचारलं.

"चार क्वे टिओ," तो म्हणाला.

"चार कोण?"

"चार म्हणजे आकडा नाही गं आई. चार म्हणजे परतलेलं. मलेशियातल्या चिन्यांच्या भाषेत." मग लाजत म्हणाला, "खरं सांगू? आठवड्यातून ते एकच मी चवीने खातो."

केतकीने त्याला टेबलाखालून पाय मारला. मला तो दिसला.

बाजार एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भरतो, सकाळी दहा ते एक. पांढऱ्या कनाती, भाज्यांचे ढीग, टोंगा बेटांवरच्या बायकांचे सुरण, कोणी गिटार वाजवतोय. थंडी अशी की मी लुगड्यावर दोन स्वेटर आणि नितीनचं जॅकेट चढवलेलं, आणि माझ्या पुढचा माणूस अर्ध्या चड्डीत. पायात रबरी सपाता, त्यांना इथे जँडल्स म्हणतात. पाऊस पाच मिनिटं पडायचा, मग पाच मिनिटं ऊन. कोणी छत्री उघडत नव्हतं. उघडून मिटेपर्यंत हवा बदलते, मग कोण त्रास घेणार?

सगळ्या बाजारात रांग एकाच कनातीपुढे होती. माणसं दोन माणसांत हातभर अंतर ठेवून उभी होती. मला हे अंतर ठेवायची सवय नाही. मी पुढच्या माणसाच्या जवळ सरकले, तो नम्रपणे पुढे सरकला. मी पुन्हा सरकले, तो पुन्हा. पाच मिनिटांत मी एकटीने अख्खी रांग फूटभर पुढे ढकलली. मग नितीनने माझं कोपर धरलं.

कनातीत एक म्हातारी होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. उंची माझ्या खांद्याइतकी, डोक्यावर टोपी, मनगटाला पट्टा. पुढ्यात एकच काळीकुट्ट खोल कढई आणि खाली असा जाळ की कनातीचं कापड पेटेल असं वाटावं. बाजूला तिची मुलगी ऑर्डर घेत होती आणि प्लेटा देत होती. सगळे म्हातारीला आंटी म्हणत होते. ती एका वेळी एकच प्लेट करत होती. एवढी रांग, आणि एक प्लेट!

"मोठी कढई का नाही घेत ही?" मी विचारलं.

"तिला विचार," नितीन म्हणाला.

चाळीस मिनिटं गेली. आमच्या पुढे दोनच माणसं उरली. आणि म्हातारीने टोपल्यातल्या शेवटच्या नूडल्स उचलल्या, परतल्या, वाढल्या, जाळ बंद केला आणि टोपलं उपडं करून आमच्याकडे पाहिलं.

"फिनिश," ती म्हणाली. "नेक्स्ट संडे."

ना सॉरी, ना हसणं. मला राग येणार होता, पण आला नाही. खानावळीच्या दारात 'जेवण संपले'ची पाटी लावताना माझा चेहरा नेमका असाच असतो. तो समोरून कसा दिसतो ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. बरा दिसत नाही.

बुधवार, स्वयंपाकघर

कोणी आपल्यापेक्षा चांगलं रांधतं असं ऐकलं की माझी झोप जाते. बुधवारी नितीन आणि केतकी ऑफिसला, इराला सुट्टी. मी तिला बसवून घेतलं आणि विचारलं, "काय काय असतं गं त्यात?"

तिने बोटांवर मोजलं. रुंद पांढऱ्या नूडल्स, कोळंबी, अंडं, मोड, लसणीच्या पातीसारखं काहीतरी, चिकनचं सॉसेज, काळा सॉस. "अँड लिटल शेल थिंग्ज, आजी."

"तिसऱ्या?" मी उडालेच. तांदूळ, कोळंबी आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! म्हणजे हे सगळं आमच्या किनाऱ्यावरचंच. मग घाबरायचं कशाला?

नाक्यावरच्या दुकानात, ज्याला इथे डेअरी म्हणतात, रुंद नूडल्स मिळाल्या नाहीत. म्हटलं, साचा आहे ना! तांदळाची उकड काढली, साच्यातून शिरवाळे पाडले. कोळंबी फ्रिजरमध्ये होतीच. तिसऱ्या नव्हत्या, त्या मनाने घातल्या. चूल विजेची, तिला जाळच नाही. मी ती शेवटच्या आकड्यावर नेली, लोखंडी तवा लालबुंद तापवला आणि तेल सोडलं.

धुराचा एक लोट वर गेला आणि छताला चिकटलेली धुराच्या घंटेची पांढरी बशी किंचाळायला लागली.

मी आयुष्यात गाई हाकल्या, कोंबड्या हाकल्या, दारू पिऊन आलेली गिऱ्हाइकं हाकलली. छतातली बशी कशी हाकलायची ते मला ठाऊक नव्हतं. इरा कानात बोटं घालून "आजी, द डोअर! ओपन द डोअर!" असं ओरडत होती. मी दार उघडलं तर दारात शेजारचे बॅरी आजोबा. एकटेच राहतात, सत्तरी ओलांडलेली. थंडीत जँडल्स आणि अर्धी चड्डी, हातात भांडी पुसायचं फडकं.

"किया ओरा," म्हणजे इथला नमस्कार, ते शांतपणे म्हणाले, आत आले, बशीखाली उभे राहिले आणि फडक्याने वारा घालू लागले. जणू रोजचंच काम. बशी गप्प झाल्यावर त्यांनी तव्याकडे पाहिलं.

तव्यात शिरवाळ्यांचं पिठलं झालं होतं. कोळंबी मध्येमध्ये डोकं वर काढत होती, बुडणाऱ्या माणसांसारखी.

आलेल्या माणसाला काही न देता पाठवायचं कसं? मी एक वाटी भरून दिली. त्यांनी उभ्याउभ्या संपवली आणि म्हणाले, "हीप्स गुड." म्हणजे फार छान. इराने मला नंतर सांगितलं की बॅरी एकदा कुत्र्याचं बिस्किट खाऊनही असंच म्हणाले होते.

संध्याकाळी उरलेलं नितीनला वाढलं. तो चार घास खाऊन म्हणाला, "छान झालंय, आई." दवाखान्यात पेशंटला "तब्येत बरी दिसते" म्हणतात ना, त्या आवाजात.

दुसरा रविवार

या खेपेला मी सगळ्यांना साडेनऊलाच नेऊन उभं केलं. रांगेत आम्ही पहिले. केतकी आणि नितीन कॉफी आणायला गेले आणि मी इराचा हात धरून अगदी जाळासमोर उभी राहिले. आता मला सगळं नीट दिसणार होतं.

म्हातारीने कढई तापवली. धूर निघेपर्यंत तापवली, मग तेल. लसूण. कोळंबी. नूडल्स मूठभर, काळा सॉस शिंपडला आणि झाऱ्याने असं उलटलं की नूडल तुटली नाही. इथपर्यंत माझी मान डोलत होती. मग तिने नूडल्स बाजूला सारल्या आणि मधल्या जागेत अंडं फोडलं.

"अगं आता?" मी इराला म्हटलं. "अंडं आधी परतून घ्यायचं असतं. आता सगळं ओलं राहणार. उशीर केला हिने."

म्हातारीने वर पाहिलं. "व्हॉट शी से?"

नऊ वर्षांच्या मुलीला खोटं बोलायचं सुचत नाही. इरा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "माय ग्रँडमदर सेज यू आर टू लेट विथ द एग."

म्हातारीने जाळ बंद केला.

मागची रांग गप्प झाली. गिटारवालाही थांबला, पण तो बहुतेक दुसऱ्या कारणाने. म्हातारीने झारा कढईच्या काठावर ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून इराला सांगितलं की तिला सांग, मी हे चाळीस वर्षं करते.

"तिला सांग, मी अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवते," मी म्हटलं. इराने ते सांगितलं.

"नूडल्सची?"

"माशांची."

"मग मासे कर," म्हातारी म्हणाली.

तिने कढईतलं सगळं काढून बाजूच्या डब्यात ओतलं, कढई धुतली, पुन्हा तापवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक पायरी माझ्या डोळ्यांत बघून. तेल. लसूण. नूडल्स. अंडं फोडताना ती क्षणभर थांबली, मला दिसेल असं ते हातात वर धरलं आणि मग फोडलं. ते अर्धवट धरतंय न धरतंय तोच नूडल्स त्यावर पालथ्या घातल्या. शेवटी तिसऱ्या, दोनदा उलथलं, बस. माझ्या मते त्या कच्च्याच होत्या. पण आता मी तोंड उघडणार नव्हते.

प्लेट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "ईट."

मी तिथेच बाजूला उभी राहून खाल्लं. पहिल्या घासाला आधी धूर लागला. चुलीवरच्या भाकरीला जिथे पापुद्रा करपतो ना, तिथली चव. मग नूडल, जाड, मऊ, तरी ओठाला न चिकटणारी. आणि अंडं. ते कुठे दिसत नव्हतं, पण प्रत्येक नूडलला पातळ, मलईसारखं लपेटून बसलं होतं. आधी परतलं असतं तर त्याची भुर्जी झाली असती, आणि भुर्जीचे गोळे नूडल्सपासून वेगळे लोळत राहिले असते. तिसरी दाताखाली फुटली आणि समुद्राचं पाणी तोंडात आलं. आम्ही तिसऱ्या कालवणात इतक्या शिजवतो की त्या समुद्र विसरून जातात.

प्लेट संपली. आता प्रश्न असा की मी चुकले हे तिला सांगायचं की नाही. अठ्ठावीस वर्षांत स्वयंपाकाच्या बाबतीत मी कुणाला तसं म्हटलेलं नाही. मी इराला ओढत थेट कनातीकडे गेले. रांगेतला एक उंच माणूस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "किया ओरा, आंटी, द लाइन्स बॅक देअर, ए?" वेंगुर्ल्यात रांग मोडली तर लोक ओरडतात, मग आपणही ओरडू शकतो. या गोड बोलण्याला काय उत्तर देणार! मी रांगेच्या शेवटी गेले आणि फक्त माफी मागायला पुन्हा पस्तीस मिनिटं उभी राहिले.

नंबर आल्यावर इरा म्हणाली, "माय ग्रँडमदर सेज सॉरी. यू आर राइट अबाउट द एग."

"आय नो," म्हातारी म्हणाली. "हाऊ मेनी?"

तिसरा रविवार

माफी मागून झाली तरी मला चैन पडेना. मी पुन्हा शिरवाळे केले, या वेळी जसे करायचे तसे. नारळाच्या रसात गूळ, वेलची, किंचित हळदीचं पान. ते केतकीने इंडियन दुकानातून शोधून आणलं. डब्यात भरून मी ते बाजारात घेऊन गेले.

त्या दिवशी पाऊस थांबायलाच तयार नव्हता. रांग नेहमीच्या अर्धी. म्हातारीच्या मुलीने, तिचं नाव सेरीन, मला आत येऊन बसा म्हटलं. मी उपड्या क्रेटवर बसले आणि डबा उघडला. म्हातारीने हात पुसले, चमच्याने एक शेवई उचलली, रसात बुडवून तोंडात टाकली.

तिने डबा स्वतःकडे ओढला. मग पटापट तीन-चार चमचे खाल्ले आणि मुलीला मोठ्याने काहीतरी सांगितलं. सेरीनने समजावलं की आईच्या गावी, मलेशियातल्या पिनांगला, एक तमिळ माणूस रोज सकाळी सायकलवरून असंच काहीतरी विकायला यायचा. तांदळाच्या शेवया, वर खोबरं आणि गूळ. आई लहान असताना त्याच्या सायकलमागे धावायची. इथे आल्यापासून तिने ते खाल्लं नव्हतं.

"सेम," म्हातारी डब्याकडे बोट दाखवून म्हणाली. "नॉट सेम. बट सेम."

मग तिने मोडांचं एक घमेलं माझ्याकडे सरकवलं आणि मोडाची शेपटी नखाने कशी खुडायची ते दाखवलं. मी खुडायला बसले. शेपट्या खुडलेल्या मोडांचा फायदा काय, असं विचारणार होते, पण अंड्याची आठवण झाली आणि गप्प राहिले.

मधल्या वेळात आमच्या मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. तिचा मुलगाही तिला सांगतो की आता बंद कर, मनगट गेलं.

"स्टॉप, देन डू व्हॉट?" ती म्हणाली. "सिट अँड वॉच हिम वर्क?"

मी एवढी हसले की मोड सांडले.

तेवढ्यात तिने रांगेत उभ्या असलेल्या नितीनकडे हनुवटीने खूण केली. "युअर सन?"

मी हो म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने विचारलं, तिखट किती? कमी, मध्यम, जास्त? आणि तो नुसता उभाच राहिला. त्याला सांगताच येईना. मागची रांग वाढत चालली. शेवटी ती ओरडली, अरे बाबा, तुला काय आवडतं ते तुला ठाऊक नाही का? हे सांगून ती हसली. मी हसले नाही.

नूडल्स घेऊन आम्ही बाकावर बसलो. केतकी आणि इरा केळी घ्यायला गेल्या होत्या. मी नितीनला विचारलं, "तिने तिखट किती विचारलं तेव्हा तू गप्प का झालास रे?"

तो काटा प्लेटमध्ये फिरवत राहिला. "जाऊ दे ना, आई."

"सांग. माका फसवू नको हां." रागावले की माझी मालवणी बाहेर येते.

"रागावणार नाहीस?"

"आधी सांग."

"खानावळीत मी किती वाजता जेवायचो, आठवतंय?" तो म्हणाला. "तीन वाजता. गिऱ्हाइकं गेल्यावर, जे उरलं असेल ते. सुरमई संपली असेल तर आमटी. भात गार. आई, तू मला उपाशी कधी ठेवलं नाहीस, मी तक्रार करत नाहीये. पण माझ्या एकट्यासाठी म्हणून तवा कधी तापला नाही. तिखट किती हवं, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून मला उत्तर येईना."

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. गिऱ्हाईक आधी बसवलं नसतं तर याचं इंजिनिअरिंग झालं नसतं. आणि मी तर याच्याही नंतर, साडेतीनला जेवत होते. एवढंच शेवटचं मी बोलून दाखवलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तर इतकी वर्षं बोललो नाही."

पावसाचे थेंब कनातीच्या कडेवरून माझ्या प्लेटमध्ये पडत होते. मी तशाच नूडल्स खाल्ल्या. 

हिल्सबरो, निघायच्या आधी

ऑगस्टच्या शेवटी माझं परतीचं विमान होतं. निघायच्या दोन दिवस आधी मी नितीनला सांगितलं की मी कायमची राहणार नाही. खानावळ बंद करून इथे खिडकीत बसायचं आणि त्याच्या ऑफिसच्या मीटिंगा ऐकायच्या, ते मला जमणार नाही. पण दर पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्या की येईन. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे नाहीच," तो म्हणाला. मी म्हटलं, "तीन महिने म्हणजे नाही नव्हे. मोजून बघ." केतकी म्हणाली की तिच्या कंपनीत एवढी सुट्टी कोणाला मिळत नाही. त्यावर तो थोडा हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. नितीनला एकट्याला टेबलाशी बसवलं, लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवला. इरा म्हणाली, "आजी, आय एम हंग्री." मी म्हटलं, "तुझा नंबर दुसरा. तुझ्यामागे आई."

एकच तुकडी घेतली, स्नॅपरची, मधली. हळद, कोकमाचं आगळ, आलं-लसूण. मग मी मसाल्याचा डबा हातात धरून त्याच्याकडे वळले.

"तिखट किती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्याला वेळ लागला नाही. "जास्त," तो म्हणाला. "पण फार जास्त नको."

मी तवा तापवला, तुकडीला रवा लावला, एका बाजूने कडक होऊ दिली, उलटली. गरम भात, वर वाटीभर कालवण, बाजूला तुकडी, पानात अजून चर्र आवाज येत असताना ताट त्याच्यापुढे ठेवलं. आणि बसले नाही. त्याच्या डोक्याशी उभी राहिले, आंटीच्या कनातीत मोडांच्या शेपट्या खुडता खुडता मलाही जाळासमोर उभं राहून बघायची सवय लागली होती.

त्याने तुकडी मोडली, वाफ निघाली, घास भातात कालवला आणि खाल्ला. डोळे मिटले. मी थांबले. इरा आणि केतकी दाराच्या चौकटीत रांग लावून थांबल्या होत्या.

त्याने डोळे उघडले, घास गिळला आणि जरा विचार करून म्हणाला, "आई, मीठ कमी आहे."

अठ्ठावीस वर्षांत माझ्या मिठाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.  मी त्याच्या ताटातलं बोटभर कालवण घेऊन चाखलं.

खरंच कमी होतं.